अटन आणि सांगात
(द्वारावतीच्या किनारमार्गाच्या निमित्ताने एक विचार)

भिक्षुजीवनात अटनाला जे स्थान आहे ते एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याच्या सोयीपुरते नाही. अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण हे विधी परस्परांना धरून असतात. एके ठिकाणी राहिल्याने जागेची ममता जडते, माणसांची जडते, आणि पुढे पुढे तर अंगणातील झाडाची व पाण्याच्या माठाचीही जडते. अटनाने ही ममता रोजच्या रोज तुटते. सूत्रपाठाच्या आचार व आचारमालिका या प्रकरणांतून स्वदेश, स्वग्राम आणि स्वसंबंधी यांचा त्याग सांगितला आहे, त्याचा हेतूही हाच होय.

परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो. ज्याने घरचे संबंध सोडले त्याने वाटेवर नवे संबंध जोडावेत काय? चार भिक्षू एका वाटेने निघाले, चार दिवस बरोबर चालले, एका ओढ्याचे पाणी प्याले, म्हणजे त्यांच्यात काही नाते निर्माण होते किंवा नाही? होत असेल तर ते त्याज्य की पाळावयाचे? आणि वाटेत एकाचे पाय थकले तर बाकीच्यांचा धर्म कोणता? हा प्रश्न नुसत्या वादाचा नाही. ज्याने थोडेही अटन केले आहे त्याला तो कधी ना कधी पडलेलाच असतो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर देण्याआधीच पाय पुढे पडून गेलेले असतात.

मार्ग

या प्रश्नाच्या विचारासाठी पोरबंदर ते द्वारका हा सौराष्ट्राच्या किनाऱ्याचा मार्ग दृष्टान्तादाखल घेणे सोयीचे आहे. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे पायी चालणाऱ्याच्या चार-पाच मजला. पोरबंदरला परंपरेने सुदामापुरी म्हणतात. भागवताच्या दशम स्कंधातील तो दरिद्री ब्राह्मण पोह्यांची पुरचुंडी काखोटीस मारून श्रीकृष्ण महाराजांच्या भेटीला याच वाटेने गेला, अशी तिकडील लोकांची श्रद्धा आहे. पोरबंदर सोडल्यावर विसावाडा लागते, पुढे मियाणीची खाडी व तिच्या पलीकडे गांधवीजवळचा कोयला डुंगर, मग लांबा, भोगात, ओखामढी आणि शेवटी द्वारका. रस्ता कोठे समुद्रापासून दूर सरतो, कोठे अगदी जवळ येतो. वायव्येकडे तोंड करून चालणाऱ्याच्या डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला सपाट, उघडी जमीन असते. आडोसा असा फारसा नाहीच. वेड्या बाभळीची झुडपे आहेत, पण तीही वर्षानुवर्षांच्या वाऱ्याने जमिनीकडे कललेली.

या वाटेचे मुख्य लक्षण म्हणजे वारा. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा येथे कशानेही अडत नाही. १९८६ साली देशात वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याची जी पहिली प्रात्यक्षिक केंद्रे उभारण्यात आली त्यांत ओखा परिसराची निवड झाली होती, ती याच कारणाने. महाराष्ट्रातील रत्नागिरी हे त्यांपैकीच दुसरे ठिकाण. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा अंगावरील दाब चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. चालणाऱ्याला तो नियम ठाऊक नसला तरी त्याच्या गुडघ्यांना तो ठाऊक होतो. पाऊस उघडला की वाळू दोन प्रहरांत सुकते आणि उडू लागते. डाव्या गालावर, डाव्या कानात, डोळ्यांच्या कडांत ती सतत बसत राहते. वस्त्र फडफडते, झोळी अंगापासून सुटून मागे ओढते, आणि एरव्ही दोन घटकांत सरणारी वाट चार घटका झाल्या तरी सरत नाही.

वारा शत्रू नव्हे

अशा वेळी चालणाऱ्याच्या तोंडी सहज येते, ‘वारा आपल्याविरुद्ध आहे.’ या एका वाक्यात दोन भ्रम आहेत. पहिला भ्रम वाऱ्याला कर्ता समजण्याचा. वायू हे पंचमहाभूतांपैकी एक. ते प्रपंचात मोडते, आणि प्रपंच हा जड व अनित्य. त्याला कोणाविषयी वैर नाही, कोणाविषयी प्रेमही नाही. त्याच घटकेला द्वारकेहून पोरबंदराकडे परतणाऱ्या यात्रिकाच्या पाठीवर तोच वारा हात ठेवून त्याला पुढे ढकलत असतो. वारा एकच, दिशा निराळ्या. प्रतिकूलता वाऱ्यात नसते, ती आपल्या जाण्याच्या दिशेमुळे उत्पन्न होते. ज्याला कोठेच जावयाचे नाही त्याला कोणताही वारा विरुद्ध नाही. विरोध जाणवतो तो वाटेला लागलेल्यालाच, एवढे ध्यानात आले तरी तक्रार निम्मी ओसरते.

दुसरा भ्रम असा की, वाऱ्यामागे एखादी देवता आहे आणि तिला प्रसन्न केले की वाट सोपी होईल. देवतांचे फल देवतांच्या मर्यादेपुरतेच, हे ज्ञानमार्गी साधकाला वेगळे सांगावयास नको. वाट सोपी व्हावी म्हणून केलेली प्रार्थना वाटेला निघण्याच्या हेतूलाच बाध आणते. अटन सुखासाठी स्वीकारलेले नाही, आणि दुःखासाठीही नाही. ते स्वीकारले आहे ते आज्ञा म्हणून.

मात्र वाऱ्याशी वैर नाही याचा अर्थ त्याच्याविषयी अविचार असावा असा नव्हे. ९ जून १९९८ रोजी पोरबंदरजवळ किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाने कांडला बंदरात फार मोठी प्राणहानी केली. जून २०२३ मधील ‘बिपरजॉय’ हे वादळ कच्छातील जखाऊजवळ जमिनीवर आले, तेव्हा द्वारकेच्या किनाऱ्यावरील लोकांनाही आधीच हलवावे लागले होते. अशा दिवशी चालत राहणे ही तितिक्षा नव्हे. तितिक्षा आणि हट्ट यांतील भेद असा, की तितिक्षेला थांबणे जमते आणि हट्टाला ते जमत नाही. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवणारा कोळी समुद्राला भितो म्हणून तसे करीत नाही. तो समुद्राला ओळखतो म्हणून तसे करतो.

पूर्वपक्ष : एकाकीच जावे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक पक्ष असा की, साधकाने एकाकीच अटन करावे. या पक्षाची कारणे दुबळी नाहीत. सोबती असला की बोलणे होते, बोलणे झाले की स्मरण तुटते. सोबती असला की त्याच्या पायाशी आपला पाय मोजला जातो. तो पुढे गेला तर मत्सर आणि मागे पडला तर अहंकार, असे दोन्हीकडून नुकसान होते. शिवाय लीळाचरित्राची रचनाच पाहा, असे हा पक्ष म्हणतो. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्या ग्रंथाचा पहिला भाग ‘एकांक’ होय, आणि सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे एकाकी भ्रमण त्यात वर्णिले आहे. स्वतः स्वामींनी इतका काळ एकाकी घालविला, मग अनुसरलेल्या जीवाने सांगात कशाला शोधावा?

या युक्तिवादात एक गोष्ट नजरेआड होते. त्याच ग्रंथाचे पूर्वार्ध व उत्तरार्ध हे भाग स्वामींच्या भक्तपरिवारासह झालेल्या लीळांचे आहेत. त्यांत भक्तांची भूक आहे, आजार आहे, रुसणे आहे, भांडणे आहेत, आणि त्या सर्वांकडे कृपेने पाहणारी दृष्टी आहे. आणि एकाकी भ्रमणातही पारध्यांनी पाठलाग केलेला ससा आश्रयाला आला तेव्हा स्वामींनी त्याला अव्हेरले नाही, ही लीळा पंथात सर्वांना ठाऊक आहे. एकाकीपण आणि अव्हेर ही दोन निराळी आहेत, हे त्या एका प्रसंगाने स्पष्ट होते. याहून महत्त्वाचे असे की, परमेश्वराच्या लीळा जीवाने स्मरावयाच्या असतात, अनुकरावयाच्या नसतात. आचरावयाची असते ती आज्ञा. परमेश्वराला असंगता साधावी लागत नाही. जीवाला ती साधावी लागते, आणि साधताना तो पुष्कळदा निष्ठुरतेलाच असंगता समजून बसतो.

दीप आणि निवात

श्रीमद्भगवद्गीतेत वाऱ्याचे दृष्टान्त अनेक ठिकाणी आले आहेत. त्यांपैकी तीन येथे उपयोगी पडतात. दुसऱ्या अध्यायात इंद्रियांमागे धावणारे मन प्रज्ञेला कसे ओढून नेते हे सांगताना पाण्यावरील नाव व वारा यांचा दृष्टान्त आहे. सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या निग्रहाला वायूच्या निग्रहासारखा दुष्कर म्हणतो. त्याच अध्यायात त्याआधी, योग्याच्या स्थिर चित्ताला निवात स्थळी ठेवलेल्या दिव्याची उपमा दिली आहे.

या तिसऱ्या दृष्टान्ताचा विचार किनाऱ्याच्या वाटेवर केला असता एक अर्थ उलगडतो. दिवा आपले निवात स्थळ आपण निर्माण करू शकत नाही. कोणाच्या तरी हाताचा, भिंतीचा, पदराचा आडोसा त्याला लागतो. सोसाट्याच्या वाऱ्यात एकामागून एक चालणारे यात्रिक परस्परांसाठी असेच निवात स्थळ होत असतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्याला तेवढा कमी लागतो. वारा डाव्या अंगाने तिरपा येत असेल तर आडोसाही तिरपाच पडतो. म्हणून अनुभवी यात्रिक सरळ रांगेत न चालता किंचित तिरक्या ओळीत चालतात, आणि बळकट माणूस समुद्राच्या बाजूला राहतो. काही वेळाने तो मागे येतो व दुसरा त्याची जागा घेतो. हे कोणी शास्त्र वाचून करीत नाही. वाटच ते शिकविते.

दार्ष्टान्तिक असे. नव्याने अनुसरलेला साधक हा लहान दिवा होय. विषयांच्या वाऱ्यात त्याला आडोसा हवा, आणि ज्ञानिया वडीलधाऱ्यांचा, समशील सांगात्यांचा संग हा तो आडोसा. पुढे त्याच्या ठिकाणी बोध दृढ झाला, दिव्याचा वणवा झाला, की मग वारा त्याला विझवीत नाही, उलट वाढवितो. वारा तोच, पण दिव्याला मारक आणि वणव्याला पोषक. म्हणून एकाकी अटन की सांगाते अटन, या प्रश्नाचे उत्तर अधिकारभेदाने द्यावे लागते. दोहोंनाही स्थान आहे. फक्त एक सावधगिरी हवी. आपण वणवा झालो असे ज्याला स्वतःलाच वाटू लागते तो बहुधा अजून दिवाच असतो.

सांगाताचेही प्रकार आहेत. भयामुळे धरलेला सांगात वाट निर्धोक होताच सुटतो. सवयीने वा गोडीने धरलेला सांगात ममतेत परिणत होतो. घर सोडून आलेला जीव वाटेवर पुन्हा घरच बांधतो, फक्त त्याला भिंती नसतात. तिसरा सांगात साध्याच्या ऐक्याचा. तेथे दोघे एकमेकांकडे पाहत चालत नाहीत, दोघेही एकाच दिशेकडे पाहत चालतात. पहिल्या दोहोंचा त्याग सांगितला आहे. तिसऱ्याचा त्याग सांगितलेला नाही.

चौघांचा दृष्टान्त

हे सामान्य विधान झाले. परंतु धर्माची परीक्षा सामान्य विधानात होत नसते, ती अडचणीत होते. म्हणून असा प्रसंग कल्पावा. चार भिक्षू पोरबंदराहून द्वारावतीस निघाले आहेत. एक वृद्ध, दोघे मध्यम वयाचे आणि एक तरुण. श्रावण वद्य अष्टमीस द्वारावतीत असावे, असा तरुणाचा नेम आहे. अनुसरल्यापासूनची ती त्याची पहिली अष्टमी. मियाणी मागे पडली आहे, वारा वाढला आहे. सकाळभर तरुण पुढे चालून वारा अंगावर घेतो आहे. दुपारी लांब्याच्या पुढे वृद्धाचा पाय मुरगळतो. तो चालू शकतो, पण अर्ध्या वेगाने. या वेगाने अष्टमी चुकणार हे उघड आहे.

या प्रसंगी प्रथम जे घडते ते विचार करण्यासारखे आहे. वृद्ध हाक मारतो, आणि ती तरुणाला ऐकूच येत नाही. समोरून वारा येत असता पुढच्याचा शब्द वाऱ्याबरोबर मागच्यापर्यंत सहज पोचतो, पण मागच्याची हाक पुढे पोचत नाही. जमिनीलगतचा वारा मंद व वरचा वेगवान असल्याने वाऱ्याविरुद्ध जाणारा ध्वनी वर उचलला जातो आणि पुढच्याच्या डोक्यावरून निघून जातो. जोरदार वाऱ्यात थोड्याच अंतरावरची हाक अशी हरवते. पुढच्याला वाटते, मागे सर्व ठीक आहे, कारण कोणी हाक मारली नाही.

हा केवळ ध्वनीचा नियम नाही, संघाचाही आहे. जो पुढे असतो, मग तो ज्ञानाने असो, वयाने असो, अधिकाराने असो वा नुसत्या शरीरबळाने असो, त्याचा शब्द मागच्यांना ऐकू येतो. मागच्याचे दुःख मात्र त्याला आपोआप ऐकू येत नाही. यात मागच्याचा दोष नाही, त्याने हाक मारलेलीच असते. म्हणून ‘मला कोणी सांगितले नाही’ हे उत्तर पुढच्याला शोभत नाही. वारा असतो तोवर पुढच्याचा धर्म ऐकणे एवढाच नाही. अधूनमधून मान वळवून पाहणे हाही त्याचाच धर्म आहे. आणि जो मान वळवितो त्याला एक अनपेक्षित लाभ होतो. तेवढा क्षणभर त्याच्या डोळ्यांत वाळू जात नाही. मागच्यासाठी वळलेल्यालाच विसावा मिळतो.

तरुणाने वळून पाहिले. तो परत आला. आता त्याने काय करावे?

त्याचे मन दोन्हीकडून बोलते. एकीकडे नेम. नेम मोडणे ही लहान गोष्ट नव्हे. आज वृद्धासाठी मोडला, उद्या झोपेसाठी मोडेल. दुसरीकडे त्याच्या पुढ्यात वाळूत बसलेला एक माणूस, ज्याचे पाऊल सुजले आहे. तरुणाने नेमासाठी पुढे जावे असे म्हणणाऱ्याने हे पाहावे की, नेम कोणी केला? त्याने स्वतः केला. तो शुभ आहे, पण त्याचाच आहे. अनुसरलेल्याने दीनाची उपेक्षा करू नये, भूतमात्राला पीडा होऊ देऊ नये, हे मात्र त्याने केलेले नाही. ते त्याला सांगितलेले आहे. स्वतःच्या नेमासाठी सांगितलेला धर्म मोडला तर नेम उरतो, पण नेम ज्याच्यासाठी होता तो हेतू उरत नाही.

इतके म्हणून प्रश्न मिटत असता तर तो सोपा ठरला असता. परंतु वृद्धाचाही धर्म आहे. तरुणाचा धर्म थांबण्याचा असेल, तर वृद्धाचा धर्म ‘तुम्ही पुढे व्हा’ असे म्हणण्याचा आहे, आणि तेही मनापासून. तोंडाने ‘जा’ म्हणावे आणि डोळ्यांनी धरून ठेवावे, हे वृद्धत्वाला शोभत नाही. येथे दोन धर्म परस्परविरुद्ध दिशांनी ओढतात. तरुण म्हणतो, ‘बाबा, मी थांबतो.’ वृद्ध म्हणतो, ‘माझ्यासाठी थांबू नका.’ बाहेरून पाहणाऱ्याला हा वाद वाटेल. वास्तविक संघ टिकतो तो याच ओढाताणीने. दोन्ही बाजूंनी ताणलेला दोर पक्का राहतो.

बिघाड होतो तो केव्हा? दोघांनी एकमेकांचा धर्म आपला हक्क मानला म्हणजे. वृद्ध जर म्हणू लागला की थांबणे हे तरुणाचे कर्तव्यच आहे, आणि तरुण जर म्हणू लागला की मला जाऊ देणे हे वृद्धाचे कर्तव्यच आहे, तर दोघांची वाक्ये शास्त्राला धरून असूनही दोघेही धर्मापासून च्युत होतात. दुसऱ्याचे कर्तव्य हे आपले येणे नव्हे. धर्म हा प्रत्येकाने स्वतःस विचारावयाचा असतो, दुसऱ्याकडून वसूल करावयाचा नसतो. संसारात भावाभावांत, सासू-सुनांत, बाप-लेकांत जी कटुता येते तिचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. म्हणून हा विचार भिक्षूंइतकाच उपदेशी गृहस्थांनाही लागू आहे.

चौघांनी काय केले असेल? बहुधा असे, की दोघांनी वृद्धाला आळीपाळीने आधार दिला, तिसरा समुद्राच्या अंगाने वारा अडवीत चालला, आणि अंधार पडण्याआधी ते जवळच्या गावी पोचले. एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर वृद्धाची सोय झाली. एकजण त्याच्यापाशी राहिला. तरुण पहाटे उरलेल्या सोबत्याबरोबर निघाला. तो अष्टमीस पोचला किंवा न पोचला. येथे एक भेद ध्यानी धरला पाहिजे. उघड्या वाळूवर वृद्धाला सोडून गेला असता तर तो सांगात तोडून गेला असता. ओसरीवर त्याची सोय लावून गेला तेव्हा तो सांगात पूर्ण करून गेला. जाणे दोन्हीकडे सारखेच दिसते, पण एका जाण्यात उपेक्षा आहे आणि दुसऱ्यात असंगता.

शंका-समाधान

शंका : करुणेने थांबता थांबता साधक परोपकारातच गुंतून पडेल. आज वृद्ध, उद्या रोगी, परवा अनाथ. मग अटन कोठे राहिले आणि स्मरण कोठे राहिले?

समाधान : ही शंका रास्त आहे. परोपकाराची गोडी ही देखील गोडीच आहे. वारा अंगावर घेऊन चालणाऱ्याला ‘माझ्यामुळे हे चालले आहेत’ असे वाटू लागते, आणि मग पाळी आली तरी तो पुढची जागा सोडीत नाही. अशाची सेवा थकलेल्यांच्या उपयोगी पडते, पण त्याच्या स्वतःच्या उपयोगी पडत नाही. म्हणून सेवेला मर्यादा घातली पाहिजे ती निमित्ताची. जे वाटेत समोर आले ते करावे. करण्यासाठी शोधीत फिरू नये. जे झाले ते तेथेच ठेवून पुढे जावे, त्याची आठवणही झोळीत घालू नये.

शंका : अष्टमी चुकली तर त्या तरुणाची हानी झाली नाही काय?

समाधान : परमेश्वराचे असन्निधान असता जीवाला उरते ते स्मरण. स्थानाला महत्त्व आहे ते त्या स्थानाशी झालेल्या ईश्वरसंबंधामुळे, आणि तिथीला महत्त्व आहे ते त्या तिथीने होणाऱ्या स्मरणामुळे. ज्याने वृद्धाचे सुजलेले पाऊल मांडीवर घेऊन रात्र काढली त्याचे स्मरण त्या रात्री खंडले असेल तर हानी झाली. खंडले नसेल तर त्याची अष्टमी वाटेवर झाली एवढेच. परंतु हे समाधान त्यानेच स्वतःला द्यावयाचे आहे. वृद्धाने त्याला ते सांगू नये. दुसऱ्याच्या त्यागाचे समर्थन आपल्या तोंडी शोभत नाही.

शंका : सांगाती दुर्जन असेल तर?

समाधान : तेव्हा सांगात सोडावा, उपेक्षा मात्र करू नये. आणि सोडल्यावर त्याची निंदा बरोबर नेऊ नये. नाही तर माणूस मागे राहतो आणि त्याचे ओझे पुढे येते.

उपसंहार

पोरबंदराकडील पांढरट दगड प्रसिद्ध आहे. मुंबईतील कित्येक जुन्या इमारतींना तो लागला आहे. सौराष्ट्रातील या जातीच्या दगडाच्या काही थरांविषयी भूवैज्ञानिक असे मानतात की, समुद्रातील सूक्ष्म कवचांचे कण वाऱ्याने वाहून आणून टाकले, आणि ते कालांतराने एकमेकांस चिकटून घट्ट झाले. जो कण सुटा असता डोळ्यांत जातो व त्रास देतो तोच बांधला गेला की भिंत होतो आणि त्याच वाऱ्यापासून आसरा देतो. संघाविषयी याहून अधिक सांगावयास नको.

द्वारावतीस पोचलेल्या साधकाच्या मनात सहजच श्रीचक्रपाणिप्रभूंचे स्मरण होते. फलटणचा संसार सोडून ते द्वारावतीस राहिले. खराटा व सूप घेऊन त्या नगरीच्या वाटा झाडीत, आणि केर गोमतीत टाकीत. समुद्राच्या तोंडाशी वसलेल्या, अहोरात्र वारा वाहणाऱ्या त्या गावी झाडलेली वाट किती वेळ स्वच्छ राहात असेल? खराटा पुढे सरकेतो मागे पुन्हा धूळ आलीच असेल. ज्यांच्या सुपाच्या स्पर्शाने जीवांना ज्ञान झाले त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. तरीही ते दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडीत, आणि ज्यांच्यासाठी झाडीत ते बहुतेक जण त्यांना ओळखीतही नसत. लीळा जीवाला अनुकरता येत नाही हे वर सांगितलेच आहे, पण तिच्या स्मरणाने त्याची दृष्टी निवळते.

वारा राहणारच. वाट पुन्हा धुळीने भरणार, सांगाती कोणी पुढे जाणार, कोणी मागे राहणार, आणि मजल संपली की सर्व आपापल्या दिशेने पांगणार. त्या अवधीत साधकाच्या हाती दोनच गोष्टी आहेत. पुढे असता मान वळवून मागे पाहणे, आणि मागे असता पुढच्याला मनापासून मोकळे करणे. ज्याला ही दोन्ही साधली त्याने एकाकी चालावे किंवा सांगाते चालावे, त्याच्या अटनाला बाध नाही.